बुश गेलाय

लग्न होऊन या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी चटणी वाटायला मिक्सर लावला. भांडं घुर्र करून जागीच थांबलं. मागं वळून बघते तर दारात सासरे. नव्या सुनेकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. भांडं उचललं, उलटं केलं, तळाचा दांडा दोन बोटांत धरून हलवला आणि ऑपरेशन थिएटरच्या बाहेर येऊन नातेवाइकांना सांगावं अशा आवाजात म्हणाले, "बुश गेलाय." मी आधी पदर सावरला. घरातलं कुणीतरी वारलं, असंच मला वाटलं.

हे आमचे आबा. पुढची बावीस वर्षं हे दोन शब्द मी रोज ऐकले. वेरूळच्या अलीकडच्या एका खेड्यातली शेती भावावर सोपवून ते शहरात आले, उस्मानपुऱ्यात घर केलं आणि स्टेशनच्या बाजूच्या एमआयडीसीत एक शेड आणि धातू कातायचं एक लेथ मशीन यांवर जन्म काढला. त्या लेथवर त्यांनी एकच वस्तू केली, ती म्हणजे बुश, आणि तोही गनमेटलचा. ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते, कारण मला हे सक्तीनं शिकवलं गेलंय. फिरणारा दांडा आणि तो ज्या भोकात फिरतो ते भोक, या दोघांच्या मधे बसवायची ही पिवळसर धातूची नळी. दांडा महाग, बुश स्वस्त. म्हणून झिजायचं ते बुशनं. बुश झिजला की दांडा खुळखुळायला लागतो, त्याला म्हणायचं, प्ले आला. एवढं समजलं की आबांचं सगळं तत्त्वज्ञान समजलं. त्यापलीकडं काही नव्हतंच.

आबांच्या लेखी जगात दुसरा बिघाड नव्हता. कूलरचा पंप, शेजारणीचं शिलाई मशीन, बोअरची मोटर, समोरच्या शाळेचं फाटक, सगळ्यांचा बुश गेलेला असायचा. वैताग असा, की दहातल्या आठ वेळा तो खरंच गेलेला असायचा. उरलेल्या दोन वेळा वायर जळालेली असली तरी "बुश गेला म्हणून जळाली" असा निकाल लागायचा. गल्लीतल्या एका जोडप्याचं बिनसलं, बाई माहेरी निघून गेली. सगळी गल्ली हळहळत होती. आबांनी एवढंच सांगितलं की प्ले तर कवाचाच आला होता.

नवीन जोडपं म्हणून आम्हाला त्यांनी घृष्णेश्वराच्या दर्शनाला नेलं, तिथून लेण्यांत. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलाय, माझ्या तर अंगावर काटा आला. आबा मात्र खांबांवर हात फिरवत, वाकून बघत हिंडत होते. मला वाटलं, माणूस भारावलाय. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "हलणारं कायीच नाय इथं. बुशच नाय. मग जाणार काय?" येताना मी माहेरी, खुलताबादला जरा उतरू म्हटलं, तर तिथंही त्यांनी माझ्या आईशी दोन शब्द बोलायच्या आधी विहिरीवरची मोटर बघितली.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. एका संध्याकाळी पाठाची तयारी करत होते, तर आबा येऊन बसले. म्हणाले, तुझ्या त्या डिक्शनरीत बुशचं काय दिलंय? मी वाचून दाखवलं. पहिला अर्थ झुडूप. दुसरा, परक्या मुलखातलं ओसाड रान. मग झुबकेदार केस, झुबकेदार शेपटी. यंत्रातला बुश सगळ्यांच्या खाली, वेगळ्या नोंदीत, दीड ओळीचा. आबांचा चेहरा असा झाला, जणू त्यांना पंगतीत शेवटच्या पाटावर बसवलंय. "झुडपाला झुडूप म्हणायला काय तकलीफ आहे त्यांना?" शेपटीचा अर्थ तर त्यांनी मला पुन्हा वाचायला लावला आणि मग कितीतरी वेळ मान हलवत बसले. मुद्द्याचं सोडून इकडचं तिकडचं बोलण्याला इंग्रजीत बुशच्या भोवती बडवणं म्हणतात, हेही मी हौसेनं सांगून टाकलं. ते ऐकून मात्र ते खरोखर कळवळले. भोवती बडवलं की भोक फाटतं, बुशला वरून ठोकायचं असतं, लाकडाच्या हातोडीनं, हळूहळू, आणि तू पोरांना हे असलं शिकवतेस?

अंगात बारा महिने बुशशर्ट. बाहेर सोडायचा, खाली दोन मोठे खिसे. रानावनात फिरताना घालायचा म्हणून त्याला ते नाव पडलं, असं मी एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, कायीतरीच, बुशवाल्यांचा शर्ट तो. पुरावा म्हणून त्यांनी खालचा उजवा खिसा दाखवला. त्यात व्हर्निअर बरोबर बसत होता. आता व्हर्निअर म्हणजे जाडी मोजायची ती पोलादी पट्टी, जबडे असलेली. ती घेऊन हा माणूस जेवायला बसायचा. माझी भाकरी मोजायचा. "कडंला तीन, मधे पाच. हात सारखा फिरव, माय." मी एकदा चिडून पट्टी हिसकावली आणि म्हटलं, वाचायची कशी ते तरी सांगा, निदान खोटं बोलताय का ते कळेल. त्यांनी हात धुतले आणि तिथंच, गार होत चाललेल्या भाकरीवर, मला व्हर्निअर वाचायला शिकवलं. खोटं बोलत नव्हते.

इथपर्यंत गंमत होती. मग माझ्या नवऱ्यानं, दिलीपनं, नोकरी बदलली. वाळूजच्या एका कंपनीत विक्रीचं काम घेतलं आणि एक दिवस नमुना म्हणून एक पांढरी नळी आबांच्या ताटाशेजारी ठेवली. नायलॉनचा बुश. वजनाला हलका, तेल लागत नाही, आणि स्वस्त. आबांनी तो उचलला, अंगठ्याचं नख दाबलं. नखाचा वण उमटला. "हा बुश नाय. बाटलीचं बूच हाय," म्हणाले आणि जेवत राहिले. त्या दिवसापासून ते पोटच्या पोराशी बोलायचे बंद झाले. नवरा माझा असला तरी खरं ते सांगते. दिलीपनं पहिली गिऱ्हाइकं धरली ती आबांचीच. ती दारं त्याला आबांच्या नावानं उघडली, आणि वर्ष-दोन वर्षांत आबांच्या लेथवर धूळ बसली.

भांडण नाही, आरडाओरडा नाही. एका ताटलीतली चटणी दोघं खायचे आणि निरोप सासूबाईंच्या हाती. "त्याला सांग, गॅस संपलाय." "आबांना सांग, आणतो." दोघं बसलेले मात्र एकमेकांपासून तीन हातांवर. तीन वर्षं सासूबाईंनी हे केलं, मग त्या गेल्या आणि त्यांची जागा मला अनुकंपा तत्त्वावर मिळाली. एकदा शाळेतून डोकं उठवून आले होते, तेवढ्यात "त्याला सांग" सुरू झालं. मी पिशवी आपटली आणि म्हटलं, आबा, तुमच्या दोघांच्या मधे मी झिजून चाललेय, दिसतंय का? त्यांनी माझ्याकडं नीट निरखून बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच. म्हणाले, "तू गनमेटल हायस, माय. टिकशील." चिडावं की पाया पडावं, मला कळेना. शेवटी निरोप पोचवला.

मग आबांचा खुबा दुखायला लागला. आधी काठी, मग भिंत, मग माझा खांदा. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला. ते काही बोलायच्या आत आबा म्हणाले, "बुश गेलाय." आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं निदान ऐकून समोरचा माणूस हसला नाही. डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर, सांधा बदलावा लागेल, नाहीतर सहा महिन्यांत अंथरूण धराल. पोलादी दांडा, त्यावर गोळा, कमरेच्या हाडात वाटी. आबा खूश होऊन ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, गोळ्याच्या आणि वाटीच्या मधे काय? डॉक्टरांनी सांगितलं, प्लास्टिक, पण फार उत्तम प्रतीचं. आबांनी टेबलाला धरून उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. बसूनच म्हणाले की माप द्या, गनमेटलचा मी स्वतः करून आणतो. डॉक्टर हसले. आबा हसले नाहीत.

त्यानंतरचे चार महिने मी विसरणार नाही. आबा संडासला जायचे तर माझ्या खांद्यावर, बसायचे तर मी धरायचं, उठायचे तर मी ओढायचं. दिलीपनं पुढं केलेला हात ते नुसता बघायचे आणि मला हाक मारायचे. मी फार मोठ्या मनाची बाई आहे असं कुणी समजू नका. त्यांच्या पायापेक्षा मला माझ्या कमरेची काळजी होती. अंथरूण धरलं तर सगळं मलाच उपसायचं होतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. दिलीप माझ्याकरवी विनवण्या करायचा आणि माझ्याकरवीच उत्तर यायचं, "त्याला सांग, पडून मरीन, पण प्लास्टिकवर चालणार नाय."

शेवटी मी एकटीच डॉक्टरांकडं गेले आणि त्यांच्या कपाटातला त्या सांध्याचा दाखवायचा नमुना एक दिवसासाठी मागून आणला. सकाळी गॅलरीत आबांच्या पुढ्यात ठेवला, शेजारी व्हर्निअर ठेवला आणि एक अक्षर न बोलता शाळेत निघून गेले. दुपारी परत आले तर माणूस तिथंच. ऊन खुर्चीवरून भिंतीवर गेलं होतं. वाटीत गोळा घालून, कानाजवळ धरून ते फिरवत होते. प्लास्टिकवर नख दाबून झालं होतं, वण उठला नव्हता. माप सात वेळा घेतलं होतं. मला म्हणाले, कुणी केलाय हा? मी म्हटलं, बाहेरची कुठलीतरी कंपनी आहे. ते म्हणाले, "कंपनी नाय. टर्नर कोण?" आता तो लेथवर कुणी कातला, हे मला कुठून माहीत असणार? आबा पुन्हा गोळा फिरवत बसले. मी चहा टाकला, गाळला, आणून दिला. तो त्यांनी संपवला आणि म्हणाले, "ज्यानं केलाय त्याला कळतं. बसव म्हणावं."

ऑपरेशन झालं. फाइलला गोळ्याच्या मापाचं स्टिकर लावलेलं होतं, बत्तीस मिलिमीटर. भूल उतरल्यावर आबांनी पाणी मागायच्या आधी ते मला वाचायला लावलं आणि पेनानं गोल करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांना वॉकर देऊन उभं केलं. मी डबा घेऊन पोचले तेव्हा एका बाजूला नर्स होती आणि दुसऱ्या बाजूला, मी नव्हते म्हणून, दिलीप. आबांचा दंड त्याच्या हातात. एक पाऊल टाकलं. थांबले. खाली पायाकडं बघतच म्हणाले, "हा तुझ्या कंपनीतला नाय ना?"

मी निरोप पुढं पोचवायला तोंड उघडलं होतं, सवयीनं. मग ध्यानात आलं की हा प्रश्न मला नाही. अकरा वर्षांनी थेट त्याला होता. दिलीप म्हणाला, "नाय आबा. आमचा एवढा भारी नसतो." आबांनी हं केलं आणि दुसरं पाऊल टाकलं. मी डबा खुर्चीवर ठेवला, व्हरांड्यात गेले, फोन कानाला लावला आणि कुणाशीच न बोलता भरपूर रडून घेतलं. माझी निरोपांची नोकरी सुटली होती.

पुढची पाच वर्षं ते चालले. शेडपर्यंत जायचे, लेथवरची धूळ पुसायचे आणि परत यायचे. सकाळी खाटेवरून पाय खाली सोडायचा, दोनदा हलवायचा आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं जाहीर करायचं, "प्ले नाय." बापलेक बोलायला लागले, पण बोलायचे ते फक्त बुशबद्दल, आणि तेही भांडून. खुब्यातल्या त्या प्लास्टिकला आबांनी शेवटपर्यंत बुश म्हटलं नाही. "मधला" म्हणायचे. मधला बरा हाय का, असं दिलीप विचारायचा. "चाललंय त्याचं," असं आबा सांगायचे, एखाद्या वाया गेलेल्या जावयाबद्दल बोलावं तसं.

गेल्या थंडीत आबा गेले. दुपारी जेवले, भाकरी मोजली, खुर्चीत टेकले आणि मी चहा घेऊन आले तोवर संपलं होतं. तिसऱ्या दिवशी दिलीप राख सावडायला गेला. परत आला तो रुमालाची गाठ घेऊन. अस्थींबरोबर हेही गंगेत सोडून दे, असं चुलते म्हणाले होते, पण त्याला ते सोडवलं नाही. त्यानं ओट्यावर गाठ सोडली. काळा पडलेला दांडा, त्यावर गोळा, आणि वाटी.

खुंटीवर आबांचा बुशशर्ट अजून तसाच होता. मी उजव्या खिशातून व्हर्निअर काढला. गोळा धुतला, पुसला, जबड्यात धरला आणि खिडकीपाशी जाऊन वाचला. दिलीपनं विचारलं, किती? बत्तीस, मी म्हटलं. केसभरही कमी नव्हता.

दिलीपनं गोळा वाटीत ठेवला आणि कानाजवळ नेऊन हलवला. खुळखुळ वाजलं. त्यानं रुमाल झटकला, घड्या उलगडून पाहिल्या, पुन्हा झटकला. मी म्हटलं, मधला नाही मिळायचा, तो जळून गेला असणार. तो आबांच्या खुर्चीत बसला. इतकी वर्षं दारोदार नायलॉनचे बुश विकलेल्या माझ्या नवऱ्यानं ती वाटी दोन्ही हातांत घट्ट धरली, आणि त्याला हुंदका आवरेना.

"गनमेटलचा असता तर राहिला असता," तो म्हणाला.