डेल्मरची दोन बोटं

डेल्मर स्वेम आमच्या गावचा पोस्टमन. साउथ डकोटातल्या कच्च्या रस्त्यांवरून एकतीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झाला. नाकासमोर चालणारा माणूस. चैन म्हणाल तर एकच, ती लांब पल्ल्याची, सोफ्यासारख्या सीटची अवजड मोटरसायकल. दर ऑगस्टमध्ये तिच्यावर बसून तो मॉन्टानात थोरल्या भावाकडे जायचा. सातशे मैल. भाऊ लोवेल सकाळपासून फाटकात उभा राहून इंजिनाचा आवाज कधी येतो ते ऐकत असायचा. यंदा लोवेलला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती.

मी गावातला मोटरसायकल मेकॅनिक. जूनमध्ये डेल्मर दुकानात आला.

"क्रूझ कंट्रोल मधेच सुटतंय, व्हर्न. साठावर लावलं की पाच मिनिटं चालतं आणि बंद. त्याच्याशिवाय मला नाही जमणार. मूठ पिळून धरली की उजवा हात आखडतो."

क्रूझ म्हणजे मूठ न पिळता गाडीचा वेग धरून ठेवणारी सोय. यात काय मोठंसं, असं मला वाटलं. ब्रेक जरासा जरी दाबला गेला तरी क्रूझ आपोआप सुटतं, तेव्हा ब्रेकचा स्विच गेला असणार. मी तो बदलला, चाळीस मैल चालवून पाहिलं. झकास. तिसऱ्या दिवशी डेल्मर परत हजर. मग मागच्या ब्रेकचा बदलला, क्लचचा बदलला, वायर न् वायर तपासली. माझ्या हाताखाली ती शहाण्यासारखी वागायची आणि त्याच्या हाती गेली की खोडी काढायची. जुलै संपत आला. मी पाना भिंतीवर फेकून मारला.

"तिला तू आवडत नाहीस, दुसरं काही नाही," मी म्हणालो.

"घरीही तीच परिस्थिती आहे," डेल्मर म्हणाला.

शेवटी तो पुढे निघाला आणि मी पिकअपमधून त्याच्या मागे. सरळ रस्ता, दोन्हीकडे सूर्यफुलांची शेतं. त्यानं क्रूझ लावलं, हात सैल सोडला. थोड्याच वेळात त्याचा ब्रेकचा तांबडा दिवा लुकलुकला. मी ओव्हरटेकच्या निमित्तानं बाजूला आलो. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं ब्रेकच्या दांडीवर टेकलेली होती आणि थरथरत होती. मूठ आवळलेली असेतो हात स्थिर, विसावला की थरथर सुरू.

ती दोन बोटं तिथं मीच बसवली होती. तीस वर्षांपूर्वी डेल्मर हरणावर आदळला, तेव्हा इस्पितळात जाऊन मी त्याला दम भरला होता, की या मुलखात दोन बोटं कायम ब्रेकवर ठेवायची, झोपेतसुद्धा.

पुढच्या कॅफेत आम्ही कॅरॅमल रोल आणि कॉफी घेतली. कप त्यानं डाव्या हातात धरला.

"बोटं उचलून ठेव ना जरा."

"ठेवतो रे. पाच मिनिटांनी परत तिथंच असतात."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"एप्रिलमध्ये."

"एप्रिलमध्ये? आणि जूनपासून मला स्विच बदलायला लावतोयस?"

"म्हटलं, न जाणो, मोटरसायकलचंच काही असेल."

ब्रेकचा स्विच थोडा ढिला केला असता, तर थरथरीनं क्रूझ सुटलं नसतं. पंधरा मिनिटांचं काम. पण वेळ आली तर त्या बोटांनी ब्रेक लागेल का? बाहेर आल्यावर मी त्याला सीटवर बसवलं, समोर उभा राहिलो आणि सांगितलं, "मी हरीण आहे. दाब ब्रेक."

बोटं मिटेपर्यंत मी तीन पावलं चालत त्याच्यापाशी पोचलो होतो. डेल्मरनं स्वतःच किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"लोवेलला सांगतो, पार्ट यायचाय."

ऑगस्टमध्ये तो बायकोच्या शेजारी बसून कारनं मॉन्टानाला गेला. मोटरसायकल माझ्या दुकानात कापडाखाली आहे. तीस वर्षं मी लोकांच्या मोटरसायकली सुरू करून दिल्या, इतका हतबल कधी झालो नव्हतो.

परवा लोवेलचा दुकानात फोन आला. "काय रे, आला का तो पार्ट? पुढच्या ऑगस्टपर्यंत तरी येईल ना?"

डेल्मर समोरच होता. दर शुक्रवारी येतो. डाव्या हातानं मोटरसायकलची काच पुसत होता. त्यानं मान वर केली नाही, पण फडकं थांबलं.

"मागवलाय," मी म्हणालो.