डाव्या हाताच्या मुंग्या

कोंडाजी ढोमसे माझ्या शेजारच्या लेथवर सोळा वर्षं उभा होता. नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात आम्ही दोघं टर्नर, आणि राहायलाही एकाच गल्लीत. मूळचा तो निफाडकडचा. उंचापुरा, कमी बोलणारा. त्याने काढलेल्या शाफ्टला इन्स्पेक्टर मायक्रोमीटर लावायचा तो केवळ रीत म्हणून. असा माणूस स्वतःच्याच शरीराला इतका घाबरेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

१९९८ च्या जानेवारीत कंपनीत सगळ्यांची तपासणी झाली. कोंडाजीच्या दंडाला डॉक्टरांनी पट्टा दोनदा गुंडाळला. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे बारा.

"घरात कुणाला बीपी होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," कोंडाजी म्हणाला.

ते खोटं होतं. सहा वर्षांपूर्वी त्याची आई बयाबाई लकव्याने गेली होती. मला ते माहीत होतं, पण मी रांगेत मागे उभा होतो, गप्प राहिलो.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. त्याने ती आणली आणि लॉकरमध्ये टाकून दिली. "एकदा सुरू झाली की मरेपर्यंत सुटत नाही म्हणतात. आधी बाकीचं करून बघतो," असं तो मला म्हणाला.

बाकीचं म्हणजे सगळंच. सकाळी अनशापोटी लसणाच्या चार पाकळ्या. दुधीचा रस. कुणीतरी सांगितलं म्हणून मनगटात तांब्याचं कडं. मीठ एकदम बंद. त्याची बायको विमलवहिनी त्याची भाकरी वेगळी थापायच्या आणि आळणी भाजीसोबत तो ती औषध गिळावं तशी गिळायचा. गुरुवारी कडक उपास. तंबाखू मात्र सुटली नाही. उलट वाढली.

मग त्याने मुंबईहून मनगटावर बांधायचं बीपीचं मशीन मागवलं. तिथून खरी गडबड सुरू झाली. उठल्यावर, अंघोळीआधी, अंघोळीनंतर, कामावर निघताना, परत आल्यावर. आकडे तो भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचा. आकडा वाढलेला दिसला की छाती धडधडायची, धडधड थांबेपर्यंत बसायचा आणि पुन्हा मोजायचा. आता तो आणखी वाढलेला असायचा.

डाव्या हाताला मुंग्या आल्या की संपलंच. आईला तशाच आल्या होत्या. तो उठून आरशासमोर जायचा, दात दाखवून हसायचा, तोंड सरळ आहे का बघायचा आणि जीभ जड झाली नाही ना हे कळावं म्हणून स्वतःचं पूर्ण नाव मोठ्याने म्हणायचा. एकदा त्याच्या मुलीने, हर्षालीने, तेव्हा ती सहावीत होती, हे पाहिलं आणि ती हसायला लागली. कोंडाजीने तिच्यावर हात उगारला. मारलं नाही, पण त्या दिवसापासून बाप आरशाकडे गेला की पोर दुसऱ्या खोलीत जायची.

"मला सांगा तरी काय होतंय ते," विमलवहिनी म्हणायच्या.

"काही नाही होत."

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, गुरुवारी, उपाशीपोटी तो पहिल्या पाळीला उभा होता. पत्र्याचं शेड तापलेलं. त्याआधीचा आठवडा तिसऱ्या पाळीचा, म्हणजे झोपेचा पत्ता नाही. साडेअकराच्या सुमारास मी मान वर केली तेव्हा कोंडाजी लेथच्या फिरत्या चकवर वाकत चालला होता, झोपेत वाकावं तसा. मी धावलो, लेथ बंद करायचं लाल बटण दाबलं आणि त्याला मागे ओढलं. तो खाली बसला. चेहरा पांढराफटक.

"माझं तोंड बघ," तो म्हणाला. "वाकडं झालंय का?"

"नाही रे."

"नीट बघ."

मी त्याला रिक्षात घालून कॉलनीतल्या डॉक्टर खैरनारबाईंकडे नेलं. त्यांनी हात वर करायला लावले, बोटं दाबायला लावली, डोळ्यांत बॅटरी मारली. लकवा नव्हता. उपाशी पोट, ऊन आणि जागरण यांनी चक्कर आली होती. रक्तदाब मात्र एकशे नव्वदच्या वर होता. बाईंनी गोळी दिली, आडवं केलं आणि बाहेरच्या दोन पेशंटना थांबायला सांगून खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

मला वाटलं होतं त्या रागावतील. त्यांनी नुसतं विचारत नेलं. किती वाजता जेवता? कुणासोबत? पाळी बदलली की झोपता कधी? तंबाखू किती? शेवटचं मनापासून कधी हसलात? कोंडाजी एकेका शब्दात उत्तरं देत होता. मग त्यांनी विचारलं, "आई आहेत?"

तो रडायला लागला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

१९९२ साली कंपनीच्या गेटवर गावाकडून फोन आला होता. थोरल्या भावाचा, भिकनचा. आईचं तोंड वाकडं झालंय, लगेच ये. त्या दिवशी मोठी ऑर्डर जायची होती. कोंडाजीने पाळी पुरी केली आणि संध्याकाळच्या एसटीने गेला. तोवर आईची वाचा गेली होती. अकरा दिवस ती नुसती बघत राहिली. अंत्यविधीनंतर भिकन चारचौघांत म्हणाला, "तू येळेवर आला असता तर आई बोलली असती." तेव्हापासून दोघं भाऊ बोलत नव्हते.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गोळी रोज सकाळी घ्यायची. ही सुटणार नाही, आणि सुटली नाही म्हणून काही बिघडत नाही. पण सगळं ओझं त्या एका गोळीवर टाकू नका. उपास बंद. मीठ कमी, बंद नाही. लोणचं, पापड आणि कॅन्टीनची भजी सोडा. तंबाखू सोडायला मी मदत करीन. मी कंपनीला पत्र देते, तिसरी पाळी नको. संध्याकाळी बायकोबरोबर चाला. मशीन त्यांच्या ताब्यात द्या, आठवड्यातून एकदाच मोजायचं."

"आणि मुंग्या आल्या तर?"

"हाताबरोबर तोंड वाकडं झालं, शब्द अडखळले, हातातली ताकद गेली, तर एक मिनिट न थांबता दवाखाना. नुसत्या मुंग्या आल्या तर बायकोला सांगायचं. आरशाला नाही." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "भावाकडे कधी जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे दुखणं नोंदलंय मी तुमच्या कागदावर."

बोलायला सोपं होतं. कंपनीने पाळी बदलून द्यायला दोन महिने लावले. तंबाखू सोडल्यावर पंधरा दिवस त्याचे हात थरथरायचे आणि तो सगळ्यांवर खेकसायचा. एकदा सुटली, पुन्हा धरली, पुन्हा सोडली. मशीन विमलवहिनींनी कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली, तेव्हा तो लहान मुलासारखा त्यांच्यामागे फिरला. "एकदाच बघतो गं." त्या नाही म्हणायच्या आणि चपला घालायच्या. मग दोघं आयटीआयच्या दिशेने चालत सुटायचे. सुरुवातीला दर दहा पावलांना तो स्वतःची नाडी चाचपायचा. वहिनींनी त्याचा तोच हात धरायला सुरुवात केली. आमच्या गल्लीत नवराबायको हात धरून चालायची पद्धत नव्हती, लोक हसले. कोंडाजीच्या ते लक्षातही आलं नाही, इतका तो मुंग्यांच्या धाकात होता.

पावसाळा संपेस्तोवर आकडा दीडशेवर आला. झोप लागू लागली. भावाकडे जायचं मात्र तो टाळत राहिला. अखेर ऑक्टोबरातल्या एका रविवारी वहिनीच म्हणाल्या, "मी चालले गावाला. यायचं तर या."

भिकन द्राक्षबागेत छाटणी करत होता. दोघांना बांधावर बघून त्याने कात्री खाली ठेवली.

"लय दिवसांनी आला कोंडा."

"हो दादा."

भिकनची बायको भागीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, चेहरे बघून तशीच उभी राहिली. शेवटी कोंडाजी म्हणाला, "माझं चुकलं. त्या दिवशी लेथ बंद करून निघायला पाहिजे होतं मी."

भिकन मातीकडे बघत राहिला. "आईचा हात दोन दिस आधीपासून बधिर व्हता," तो म्हणाला. "मला सांगितलं व्हतं तिनं. मी म्हणलो, काम करून भरला आसंल. डाक्टरकडं नाय नेली. तुला चारचौघांत बोललो, कारण कुणी मला इचारू नये."

कोंडाजीला राग यायला हवा होता, असं त्याने मला नंतर सांगितलं. सात वर्षं ज्याने आतून पोखरलं, ते असं निघालं. पण भिकन बोलताना पायऱ्या चढून आल्यासारखा धापत होता, आणि कोंडाजीचं लक्ष तिकडेच गेलं.

"दादा, तुझं बीपी कधी मोजलंस?"

"मला काय झालंय?"

रविवार हा आठवड्यातून एकदा मोजायचा दिवस, म्हणून बीपीचं मशीन विमलवहिनींच्या पिशवीत होतं. आकडा आला दोनशे आठ. त्यांनी दोनदा मोजलं, भीतीने तिसऱ्यांदा. भिकन म्हणाला, गोळी घेणार नाही, एकदा लागली की सुटत नाही. कोंडाजीने त्याचा दंड धरला.

"हे सगळं मी बोलून बसलोय दादा. दुधीचा रसही पिऊन झालाय. उद्या नाशकाला चल. नाहीतर मीच इथं राहतो, कामावर जात नाही."

भिकन आला. खैरनारबाईंनी रक्त-लघवीच्या तपासण्या सांगितल्या आणि मूत्रपिंडाला इजा झाली असावी अशी शंका बोलून दाखवली. रिपोर्ट यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस कोंडाजी लेथवर माझ्या शेजारी उभा होता, पण दोन शाफ्ट बिघडवले त्याने. स्वतःच्या हाताबद्दल एक शब्द बोलला नाही.

रिपोर्ट फार चांगला नव्हता, फार वाईटही नव्हता. मूत्रपिंडं थोडी दुखावली होती. सांभाळलं तर पुष्कळ वर्षं चालतील, असं बाई म्हणाल्या. भिकनला पथ्य कठीण गेलं. दोन वेळा त्याने गोळ्या बंद केल्या, दोन्ही वेळा भागीबाईने फोन करून चुगली केली आणि कोंडाजी पहिल्या एसटीने जाऊन धडकला.

कोंडाजी निवृत्त झाला २००८ मध्ये. भीती त्याची पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. गल्लीत कुणाला झटका आला की दोन दिवस तो फारसा बोलत नाही. पण महिन्याच्या पहिल्या शनिवारी भिकन गावाहून येतो, आणि दोघं भाऊ दवाखान्याच्या बाकावर नंबर लावून बसतात. मागच्या वेळी मी पाहिलं, तेव्हा भिकनने पथ्य मोडून मिसळ खाल्ली होती म्हणून कोंडाजी त्याला दबक्या आवाजात झापत होता आणि भिकन मान खाली घालून ऐकून घेत होता.