दहा वेळा लिहिलेला रोम

रोम कसा बुडला हे मी अर्जुनी मोरगावकडच्या एका शाळेत तीस वर्षं शिकवलं. रोम मी पाहिलेला नव्हता. नागपूरच्या पलीकडे गेले ती एकदाच, तीही लग्नाला. पण वर्गात बोलायला लागले की कालच तिथून एसटीने परत आल्यासारखी बोलायची.

निवृत्त झाले तेव्हा वर्ग सुटला, रोम सुटला नाही. दिल्लीतलं सरकार पडलं की पेपर मिटून म्हणायची, "झालं. रोमची सुरुवात अशीच." आमदार बसमध्ये भरून हॉटेलात नेले, की रोम. चर्चेशिवाय कायदा झाला, की रोमच. यजमान चहा पीत ऐकायचे. एकदा म्हणाले, "तुह्या रोमात धान होत होतं का?"

"नाही."

"मंग त्याचं काय बुडलं?"

माझा लाडका मुद्दा वेगळाच होता. रोमात सत्ता एका माणसाच्या हातात गेली तरी सभा बंद पडली नाही. तीच माणसं, त्याच जागा, तशीच भाषणं. फक्त निर्णय आधीच कुठेतरी झालेला असे. हे सांगताना मी चष्मा काढायची. चष्मा काढल्यावर मला समोरचं काही दिसत नसे, पण मुलांवर परिणाम चांगला होई.

मग सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि मी निवडून आले. साठीच्या उंबरठ्यावर देश वाचवायला निघाले होते मी. पंचायतीतल्या खुर्चीवर बसलं की पाय जमिनीला टेकत नसत, आणि ते काही फक्त खुर्ची उंच होती म्हणून नव्हे.

दुसऱ्या वर्षी दोन ऑक्टोबरची ग्रामसभा आली. पाऊस उघडला होता, धान निसवत होतं. विषय एकच, तलावाचं पाणी आधी कोणाला. रीत अशी की पाटाच्या तोंडाशी असलेल्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, आधी भरायच्या, मग खालच्या. खाली पाणी कधी पोचे, कधी नाही. तोंडाशी असलेल्या बांध्या कोणाच्या, हे वाचणाऱ्याने ओळखलंच असेल.

सभेला माणसं येत नाहीत, कोरम होत नाही. म्हणून आधीचे सरपंच करत तेच मी केलं. 'पाणीवाटप मागीलप्रमाणे, सर्वानुमते मंजूर' असा ठराव लिहिला आणि रजिस्टर चपराशाजवळ देऊन घरोघर सह्यांना पाठवलं.

संध्याकाळी चपराशी परत आला. "बाई, एक सई नाई झाली. ते तुमची जुनी विद्यार्थिनी. म्हणते, बाईलेच पाठवा."

ही दहावीला नापास झालेली पोरगी आता तिशीची बाई होती. पाटाच्या अगदी शेवटाला तिची एकच बांधी. मी गेले तेव्हा ओट्यावर सुपात लाखोरीची डाळ निवडत होती. मला बसायला पाट दिला.

"काऊन वं, सही कायले अडवली?"

"सभा कवा झाली, बाई?"

"झाली असं समज."

"मले बोलाचं होतं ना सभेत. माह्या बांधीत भेगा पडून राहिल्या. आठ दिवसांत पानी नाई आलं तं सारं पोचट जाते."

मी मास्तरणीच्या आवाजात कोरम, वेळ, नियम असं बरंच सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रोमचा धडा आला नाई म्हणून तुमी मले एक वाक्य दहा डाव लिवाले लावलं होतं. ध्यानात हाय का?"

मला नव्हतं. ती उठली, वर्गातल्यासारखी हात मागे बांधून उभी राहिली आणि म्हणाली, "रोमची सभा भरत राहिली, पण निर्णय आधीच झालेला असे." मग खाली बसून सुपातला एक खडा अंगणात टाकला. "त्याइची भरत तरी होती, बाई. तुमची तं भरतई नाई."

सवयीने मी चष्मा काढला. त्या दिवशी समोरचं दिसलं नाही ते बरंच झालं.

घरी येऊन रजिस्टरातल्या त्या ठरावावर आडवी रेघ मारली. चौथ्या दिवशी सकाळी तलावाच्या पाळीवरच सभा घेतली, शेतात जाणाऱ्यांच्या वाटेवर. पहिली तीच बोलली. आरडाओरडा भरपूर झाला, दोन घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं, आणि ठरलं की या वर्षी पाणी शेवटच्या बांधीपासून वर यायचं. यजमानांनी हात वर केला नाही, विरोधही केला नाही. परतताना एवढंच म्हणाले, "रोम वाचला तुहा. आता आपलं धान कोन वाचवते?"

तिची बांधी सभेनंतर तिसऱ्या दिवशी भरली. आमच्यापर्यंत पाणी आलं तोवर आमचं अर्धं धान पोचट गेलं होतं. उरलेल्याचा तांदूळ गिरणीत तुटला, भाताचा गोळा व्हायचा. ताटावर बसले की यजमान म्हणत, "वाढ, रोमचा भात वाढ."

घरात ते नाव राहून गेलं. परवा नात स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेऊन आली. "आजी, रोम बुडायची कारणं किती?" पुस्तकात पाच होती. म्हटलं, पाचच लिही, मार्क मिळतील. जेवताना भात जरा चिकट झाला होता, तर तीच आईला म्हणाली, "आज रोमचा केला का?"

यजमान मान खाली घालून हसले. मी तोच भात आणखी थोडा वाढून घेतला.