एकाच शिफ्टची गादी

माझ्या बहिणीकडे कॅनडात असताना बाबा रोज शेजारी चहाला जायचे. तिथे दोन पुरुष लग्न करून राहत होते. "लय चांगली जोडी हाय," असं बाबा फोनवर सांगायचे.

परत आल्यावर इथे शेलार गावातल्या आमच्या चाळीतले, कापडाच्या लूमवर काम करणारे दोन कामगार त्यांना खुपले. इथे दिवसपाळीचा उठून गेला की रातपाळीचा त्याच गादीवर झोपतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. या दोघांनी मात्र एकच शिफ्ट मागून घेतली होती. बाबांनी भरदुपारी त्यांची गादी गटारात फेकली आणि साबणाने दोनदा हात धुतले.

मला त्या धुतलेल्या हातांचीच किळस आली. "मग कॅनडातला चहा कसा चालला?" मी विचारलं.

"तिथं आपल्याला कोन वळखतो?" बाबा म्हणाले आणि जेवायला बसले.