आप्पांनी धुऊन आणलेला पंप

आमच्या घरामागच्या रोपवाटिकेत, हिरव्या जाळीखाली, धाकट्या जावेनं मिरची टाकली होती ती तिच्या आईची. आई गेली तेव्हा तिनं माहेरून एवढंच आणलं होतं: दोऱ्यात ओवलेल्या वाळक्या लाल मिरच्यांची एक माळ. जात कुठली, नाव काय, कोणालाच ठाऊक नाही. तिची आई दरवर्षी त्यातलंच बी धरायची. मी म्हटलं, अर्धं टाक, अर्धं ठेव. तिचं म्हणणं, बी आधीच जुनं झालंय, अजून वर्षभर ठेवलं तर उगवायचं नाही. तिचं बरोबर होतं. सगळं टाकलं. निम्मंअर्धं उगवलं, आणि ती येता-जाता ट्रेपाशी जाऊन बसायला लागली.

"अंडी उबवतेस का गं?" मी विचारायचे.

"मन्ही मायनी मिरची शे ती, ताई. तुमले काय समजाव?"

शेजारचे आप्पा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे दोस्त. आमची बोअर आटली त्या उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीवर आमची रोपं जगली होती. त्यांचा फवारणीचा पंप बिघडला म्हणून ते आमचा घेऊन गेले. उसात रुंद पानाचं तण माजलं होतं, त्यावर टू-फोर-डी हे तणनाशक मारायचं होतं. आमच्याकडे मागून नेलेली वस्तू धुऊनच परत करतात, मग पातेलं असो की पाटी. आप्पा तर याबाबतीत फारच कडक. परत येताना, हे मला मागाहून कळलं, ते आमच्या हौदावर थांबले आणि पंप पाण्यात बुडवून, हलवून, पुन्हा बुडवून आतून-बाहेरून चकचकीत केला. मग ओट्यावर उपडा ठेवला.

"पंप धुईसन आणेल शे, माय. तपासी ले," ते मला म्हणाले.

"तुमचं काय तपासायचं, आप्पा?" म्हणत मी चहा टाकला. पंप शेतातूनच धुऊन आणला असेल असं मी धरून चालले. त्या हौदातलंच पाणी झारीनं रोपांना जातं.

काही दिवसांत पानं आवळायला लागली. कडा आत वळल्या, शेंडे वेडेवाकडे झाले. बोकड्या रोग असेल म्हणून मी आधी किडी शोधल्या. एकही नव्हती. मग एक रोप उपटून पाहिलं. मिरचीच्या रोपाची मुळं पांढऱ्या सुतासारखी ट्रेच्या खणात गच्च विणलेली असतात. इथे आखूड, जाड, टोकाला फुगलेली बोटं होती. बारीक मूळ एकही नाही. आणि मातीच्या वर, देठावर पांढरट फोड आलेले. मुळं जिथं फुटायला नकोत तिथं फुटायला निघाली होती.

ते फोड मला ओळखीचे होते. डाळिंबाची फाटी तोडून लावताना मी तिचं खालचं टोक मुळं फुटायच्या पावडरीत टेकवते, तेव्हा सालीवर असेच फोड येतात आणि त्यातून मूळ निघतं. ती पावडर चिमूटभर लावायची असते. जास्त लागली तर फोड तसेच राहतात, टोक काळं पडतं आणि फाटी वाळते. टू-फोर-डी त्याच जातीतलं. झाडाला वाढायला सांगणारं औषध, पण इतक्या जोरात सांगणारं की झाडाला काही सुधरत नाही. तण त्यानंच मरतं.

मी हौदाशी गेले. पाण्याला फिनाइलसारखा मंद वास होता. "आप्पा पंप कुठं धुवत होते?" मी जावेला विचारलं.

"आठेच, हौदवर," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

करण्यासारखं होतं ते सगळं केलं. हौद उपसला, घासला. बाहेरून पाणी आणलं. रोपं एकेक काढून मुळं धुतली, नव्या कोकोपीटमध्ये लावली, औषध शोषून घेईल म्हणून कोळशाची भुकटी मिसळली. शहाद्याच्या कृषी केंद्रात फोन केला. दुकानदार म्हणाला, "वहिनी, आत गेलेलं औषध बाहेर निघत नाही. नवीन टाका." टाकायला बीच उरलं नव्हतं, हे त्याला काय माहीत? दुपार व्हायच्या आत माझी कामं संपली. एरवी माझं डोकं पुढच्या कामाकडे पळतं. त्या दिवशी पुढचं काम नव्हतं. दोघी जाळीखाली नुसत्या बसून राहिलो. रोपं मरतही नव्हती, वाढतही नव्हती.

"आप्पांना सांगायला हवं," मी म्हटलं.

"काय सांगशात? त्यास्नं काय चुकनं, ताई?"

कोणी आळस केला असता तर भांडता तरी आलं असतं.

तिनं माहेरी भावजयीला फोन लावला. भावजय म्हणाली, होत्या नव्हत्या त्या मिरच्या आईच्या वर्षश्राद्धाला कुटल्या. जावेनं "बरं" म्हणून फोन ठेवला.

रोपं एकेक करून माना टाकत गेली. आप्पा एकदा सहज आत आले, ट्रेसमोर वाकले. "काय व्हयनं व माय?"

"पाणी जास्त व्हयनं," जाऊ म्हणाली.

"तुन्हा हात मोकळा शे, तेच वाईट," ते म्हणाले, आणि तिला समजावत बसले की पाणी सकाळीच द्यावं, बेतानं द्यावं. ती मान हलवत ऐकत होती. मी आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी आप्पांनी स्वतःच्या लागवडीतून उरलेली हायब्रीडची रोपं पाठवली. नाही म्हणता येईना. तिनं ती आईच्या मिरचीसाठी तयार ठेवलेल्या वाफ्यातच लावली.

ती छान लागली. मुळंही चांगली धरली, मी एक उकरून पाहिलं होतं. पहिला तोडा झाला तेव्हा मी तिला विचारलं, तिखटाला कशी आहे?

"बाजारमा भेटस तशी," ती म्हणाली, आणि पाटी उचलून घरात गेली.