तीन डोळ्यांचा प्राणी आणि जगूचा कुंचला

या सदरातले अनुभव मी पेन्सिल हातात घेऊन वाचतो. कुठे वेळ जुळत नाही, कुठे अंतर जुळत नाही, ते बघत जातो आणि बहुतेकांत काहीतरी सापडतंच. भुताखेतांवर माझा विश्वास कधी नव्हता, आजही नाही. तरी लिहायला बसलोय, कारण एका प्रकरणात मला चूक सापडत नाहीये... आणि ते प्रकरण माझ्याच घरात, कपाटाच्या दुसऱ्या खणात आहे.

मी मालवणात मोजणी खात्यात नकाशे उतरवून काढण्याचं काम करतो. वय चव्वेचाळीस. तिथल्या मेढा भागात माझ्या घरापासून एकशे चाळीस पावलांवर जगन्नाथच्या – म्हणजे जगूच्या – वडिलांची गणपतीची शाळा. मूर्ती घडवतात त्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात. जगू माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण आमचं जमायचं ते एका वेगळ्याच गोष्टीवरून.

माझा मामा परदेशी जाणाऱ्या बोटीवर होता. प्रवासी केबिनमध्ये टाकून जायचे ती इंग्रजी कॉमिक्स तो गोळा करून रजेवर येताना माझ्यासाठी आणायचा. माझं इंग्रजी सुधारावं हा हेतू. आत काय, तर थडग्यातून बाहेर येणारे हात, चंद्रावर निघालेली रॉकेटं, माणसं गिळणारा चिखल. इंग्रजी किती सुधारलं ते सोडा.

चतुर्थी झाली की आषाढापर्यंत शाळा रिकामी असायची. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आम्ही तिथे बसायचो. मातीचा ओलसर वास, भिंतीला रिकाम्या फळ्या, मधे पाटावर उघडलेलं पुस्तक. या गोष्टींवर चित्रकाराचं नाव बहुधा नसायचंच. त्यावरून आमचा खेळ सुरू झाला – हे काढलं कोणी?

जगूला ही सवय घरातूनच होती. चतुर्थीत भजनाला घरोघरी जायचो तेव्हा उंबऱ्यातूनच तो गणपतीकडे बघून कुठल्या शाळेचा ते सांगायचा. तीच नजर तो या भुतांकडे लावायचा. बिननावाच्या चित्रकारांना आम्ही नावं दिली होती. ज्याची बोटं खेकड्याच्या पायांसारखी, तो कुर्ल्या. ज्याच्या चित्रात सगळं ठिबकत असायचं, तो पागोळी. अंतराळवीरांच्या काचेच्या टोपात गोल गुळगुळीत डोकी काढणारा तो शहाळा.

"ह्यो पागोळी नाय," जगू म्हणायचा.

"अरे, सगळा गळता बघ. भिंत गळता, माणूस गळता."

"गळता खरा. पण पागोळीचा गळणा जड असता. ह्या नुसता पाणी."

मला असं नुसतं बघून पटायचं नाही. मी ऑफिसातलं भिंग आणि पट्टी घ्यायचो. अर्ध्या इंचात सावलीच्या रेघा किती, कानाची उंची चेहऱ्याच्या कितवा हिस्सा, हे सगळं वहीत. जगू हसायचा. "तू मेल्या एक दिवस भुताचो सातबारा काढतलंस."

नियम एकच होता, आणि तो माझा – पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापल्याचा महिना आणि साल असतं, ते आधी वहीत लिहायचं, मग चित्राकडे बघायचं. नाहीतर कोण कोणाची नक्कल करतोय ते कळत नाही. चौसष्ट बिनसहीच्या गोष्टींपैकी सत्तावन्नांवर आमचं एकमत झालं. पुढे नऊ ठिकाणी खरं नाव कळलं. माझं आठ वेळा बरोबर आलं, जगूचं नऊ वेळा. पट्टीशिवाय.

आता जगूच्या हाताबद्दल सांगायला हवं. शाळेत डोळे सगळ्यात शेवटी आखतात, आणि ते आखायचा मान एकाचाच, त्यांच्याकडे तो जगूचा. त्यांच्या घराची रीत अशी की गणपती मखरात वर बसणार आणि पूजा करणारा खाली पाटावर, म्हणून बुबुळ किंचित खाली ठेवायचं. खाली बसलेल्याशी नजर मिळाली पाहिजे. ही रीत घराची झाली. जगूची स्वतःची खूण वेगळी होती. डोळे आखायचा कुंचला त्याने खारीच्या शेपटीच्या केसांचा स्वतः बांधला होता – पंचावन्न साली, लग्नाच्या वर्षी, माझ्यासमोर. त्यातला एक केस लांब राहिला. वडील म्हणाले, काप. याने कापला नाही. त्यामुळे पापणीची रेघ संपताना तिच्याखाली केसाएवढी दुसरी बारीक रेघ फुटायची. "ऱ्हवाने," म्हणायचा, "पापणी भिजलेली दिसता."

छप्पन सालच्या चतुर्थीनंतर मामाच्या ओळखीने जगू बोटीवर लागला. निघताना मला म्हणाला, "थंय जावन कुर्ल्याक भेटूचा आसा. इचारतंय, बाबा रे, तुझी बोटां अशी कित्याक?" कुंचला तो बायकोकडे, सुमतीकडे, ठेवून गेला. बोटीवर खराब होईल म्हणून.

अकरा पत्रं आली, शेवटचं एकोणसाठ सालचं. मग थांबली. बोटीच्या कंपनीने कळवलं की तो एका बंदरात उतरला आणि परत बोटीवर आला नाही. त्यापुढे काहीच नाही.

चौसष्टच्या मे महिन्यात सुमतीचा भाऊ सावंतवाडीहून आला. शाळामास्तर, सरळ माणूस. जगूचे वडील तोवर गेले होते. सुमती एकटी शाळा चालवत होती. माती, साचे, रंग सगळं करायची. डोळे आखायला मात्र बाहेरून कारागीर आणावा लागायचा. भावाने तिच्यासाठी सावंतवाडीला बालवाडीत जागा बघितली होती. रविवारी तिला घेऊन जायचं ठरलं होतं.

"तुम्ही तिला एकदा स्पष्ट सांगा," तो मला म्हणाला. "आठ वर्षं झाली. किती दिवस वाट बघायची? तुमचं ती ऐकते." मी हो म्हटलं. मलाही तेच योग्य वाटत होतं.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, मामा कायमचा घरी आला. ट्रंकेत चौदा पुस्तकं होती. त्यातल्या नवव्याचं मुखपृष्ठ फाटून गेलं होतं. आत एक सहा पानी गोष्ट – परग्रहावरून आलेला तीन डोळ्यांचा, खवल्यांचा प्राणी एका गावात शिरतो. दिसायला महाभयंकर. पण त्याच्याकडे बघून मला भीती वाटण्याऐवजी हात जोडावेसे वाटले.

मी भिंग काढलं. तिन्ही बुबुळं किंचित खाली. आणि पापणीची रेघ जिथे संपते तिथे खाली केसाएवढी दुसरी रेघ. पान उलटलं. माणसांच्या डोळ्यांनाही तेच. सहा पानांत मोजण्याजोगे एकवीस डोळे होते. एकवीसही जुळले.

मी तसाच उठून शाळेत गेलो. सुमती फळ्या पुसत होती.

"वहिनी, जगू आसा. चित्रां काढता. ह्या बघा."

तिने हात पदराला पुसले, पुस्तक घेतलं आणि उजेडाकडे धरलं. मग म्हणाली, "ह्यो रे काय अवतार केल्यानी गणपतीचो..." आणि हसता हसता रडायला लागली. संध्याकाळी तिने भावाला सांगून टाकलं की ती येणार नाही.

रात्रीच्या जेवणाआधी प्रकाशकाला पत्र लिहावं म्हणून मी पुस्तकात पत्ता शोधला. तो पहिल्या पानाच्या तळाशीच होता. आणि पत्त्याच्या शेजारी – फेब्रुवारी १९५३.

इतक्या वर्षांत मी हा नियम एकदाच मोडला. चित्र आधी बघितलं.

त्रेपन्नच्या फेब्रुवारीत जगू मालवणात होता. माझ्या वहीत त्या महिन्यातल्या चारही रविवारच्या नोंदी आहेत, दोन त्याच्या अक्षरात. हे पुस्तक त्यातलं नव्हे, म्हणजे त्याने यावरून काही उचललं असंही नाही. जेवण गेलं नाही. बायकोने दोनदा विचारलं, तिलाही सांगवेना.

सकाळी गेलो. सुमती पाट्यावर रंग वाटत होती. मी तारीख दाखवली. सगळं सांगितलं.

"म्हणजे हे नाय?"

"तो आसा का नाय, ता ह्या पुस्तकावरना सांगूक येणा नाय."

"कालपण सांगूक येणा नव्हता," ती म्हणाली. ते मला लागलं, लागायलाच हवं होतं.

मी म्हटलं, तुमच्या भावाला मीच सांगतो, चूक माझी आहे. ती उठून आत गेली आणि एक पत्र्याची डबी घेऊन आली. जगूचा कुंचला. दरवर्षी धुऊन, तेल लावून ठेवलेला, कोणाला हात लावू न दिलेला. तो तिने काळ्या रंगात बुडवला आणि जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एकच रेघ ओढली. रेघ सुकू दिली. मग माझ्यासमोर सरकवली.

"भावजी, मोजा."

छापताना चित्र लहान करतात, त्यामुळे नुसती लांबी जुळून उपयोग नाही, प्रमाण जुळायला हवं. मी ते काढलं. रेघ फुटते कुठे, फुटलेली किती लांब, दोन्ही रेघांत अंतर किती. तिने अशा पाच रेघा ओढल्या. पुस्तकातली रेघ त्या पाचांत मिसळली असती तर मला वेगळी काढता आली नसती. कुंचला पंचावन्न सालचा. पुस्तक त्रेपन्न सालचं.

"हात ह्यांचोच ना?" तिने विचारलं.

"हात तेचोच."

"मगे दादाक काय सांगा नको. मी ऱ्हवतंय."

"वहिनी, तारीख..."

"तारीख तुमी बघा. आठ वर्सां तुमीच सगळे तारखा सांगताहास माका."

रविवारी तिचा भाऊ एकटाच परत गेला. स्टँडवर त्याने माझे आभार मानले नाहीत, आणि मी त्याला तारीख सांगितली नाही. बालवाडीची ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. त्या चतुर्थीपासून सुमती स्वतः डोळे आखते. शेजारच्या दोघांनी नाकं मुरडली, पण गिऱ्हाईक तुटलं नाही. जगूची मात्र खबर नाही.

प्रकाशकाला पत्र पाठवलं ते 'या पत्त्यावर कोणी नाही' असा शिक्का घेऊन परत आलं. साल चुकीचं छापलं असेल, असं एक मित्र म्हणाला. मीही तेच धरून बसलो होतो. पण त्याच पुस्तकातली दुसरी गोष्ट माझ्याकडे एका वेगळ्या अंकात आहे, आणि तिथेही साल त्रेपन्नच. तिकडे असाच एक केस लांब राहिलेला कुंचला कोणाकडे असेल? असेल. पण नजरही खाली, रेघही तीच, प्रमाणही तेच... माझ्याकडे याचं उत्तर नाही. शोधतोय. पण मला खरी काळजी आहे ती वेगळी. एका बाईचं आयुष्य मी माझ्या मापांवर थांबवून ठेवलं का?

म्हणून ही विनंती. कोणाच्या घरी, रद्दीत, ट्रंकेत अशी जुनी इंग्रजी कॉमिक्स असतील तर त्यातले डोळे जरा बघा. बुबुळ खाली आणि पापणीखाली बारीक दुसरी रेघ दिसली, तर संपादकांमार्फत मला कळवा. गोष्ट कोणती, भूत कुठलं, त्याची मला गरज नाही. फक्त पानाच्या तळाची तारीख लिहा. एकोणसाठ सालानंतरची एक मिळाली तरी मी ती घेऊन एकशे चाळीस पावलं चालत जाईन.