चुकलेली फळी

काटकोन दिसला की मिस्त्रींचं तोंड उतरायचं. "याच्यात काय करू मी? हे त कोनीबी करते," म्हणायचे आणि ते काम दुसऱ्या सुताराकडे लावून द्यायचे. भिंत पोटात गेलेली असावी, कोपरा तिरका असावा, मग स्वारी खुलायची. आमचं सारं धामणगाव बढे गाव त्यांना वाकडेमिस्त्री म्हणायचं. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ओ याच नावाला द्यायचे.

माझ्या यजमानांचे ते जिवलग मित्र. नवा महाराष्ट्र झाला त्या सुमारास आम्ही किराणा दुकान घेतलं. दुकान कसलं, दोन भिंतींमधली पाचर! पुढे रुंद, मागे निमुळतं. आणि शेजारच्या कापडवाल्यांशी सामाईक असलेली भिंत तर कुशीवर वळल्यासारखी. एकही सुतार फळ्या मारायला राजी होईना. मिस्त्री आले, मागच्या कोपऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वयनी, कोपरा त लाखाचा हाय! चहा टाका."

साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा ते कोपऱ्यात धरत. लाकडाच्या ठोकळ्याला पेन्सिल लावून तो ठोकळा भिंतीलगत फिरवत, की भिंतीचा प्रत्येक फुगवटा पुठ्ठ्यावर उतरे. मग त्या रेषेवरून कात्रीने पुठ्ठ्याचा फर्मा कापायचा, लावून पाहायचा, पुन्हा कापायचा, आणि शेवटी त्यावरून फळी. इंचपट्टी खिशातच राही. "भितीले इंच ठाऊक हाय काय?" असं विचारायचे. फळी सरकवली तेव्हा यजमानांनी फटीत आगकाडी घालून पाहिली. शिरली नाही. मिस्त्री मात्र रुसले. "काऊन, भरोसा नाही काय माह्यावर?" जेवायला वाढलं तेव्हा कुठे राग गेला.

आपलं काम चुकलं असं त्यांनी कधी कबूल केलं नाही. कुणाच्या घरी त्यांची पायरी हलायला लागली, तर तासभर बसून भिंतच खचलीय हे दाखवून द्यायचे. "माही फळी नाही चुकत. घर चुकते." लोक हसायचे, पण बोलवायचे त्यांनाच.

यजमान तापाने गेले. मुलं लहान होती. दुकान मी चालवू लागले. मिस्त्री संध्याकाळी येऊन उंबऱ्यापाशी उभे राहत. "वयनी, मी हाओ ना," एवढंच म्हणत. त्या दिवसांत मला त्या शब्दांचा फार आधार होता.

पुढे कापडवाल्यांनी माडी चढवायला काढली. आईच्या आजारपणामुळे मी माहेरी गेले होते. परतले तर सामाईक भिंत पाडून नवी उभी, सरळसोट, चुना लावलेली, आणि चांगली माझ्या दुकानात सरकलेली. माझ्या फळ्या दुकानापुढच्या अंगणात रचून ठेवल्या होत्या. कोपऱ्यातली फळी मी जागेवर लावू गेले. ती अर्ध्यातच अडली.

गावातली वडीलधारी मंडळी जमवली. फळी त्यांच्यापुढे ठेवली. "ही जुन्या कोपऱ्यात चपखल बसत होती. भिंत सरकली नसेल, तर आता का बसत नाही?" कापडवाले म्हणाले, फळीच चुकीची कापली असेल. मंडळींनी मिस्त्रींना बोलावलं. मी निश्चिंत झाले.

मिस्त्रींनी फळी हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला. "फळी माहीच चुकली होती. तवाबी ठोकूनच बसवली होती."

"तुही फळी चुकली?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"मानूसच हाय. चुकते."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. निवाडा तिथेच संपला. भिंत राहिली तिथे राहिली.

काही दिवसांनी कापडवाल्यांकडे सागवान उतरलं. अरुंद कोपऱ्यातून वळत जाणारा, एक पायरी दुसरीसारखी नसलेला जिना. काम मिस्त्रींचं. पैशासाठी खोटं बोलले असते, तर मला समजलं तरी असतं.

कापडवाल्यांची म्हातारी आजारी पडली. ती माझ्याशी कधी वाईट वागली नव्हती, म्हणून भेटायला गेले. जिना चढताना पाऊल वाजत नव्हतं. आतून निमुळत्या, बाहेर रुंद होत गेलेल्या पायऱ्या भिंतीला अशा बिलगल्या होत्या, की जणू तिथेच उगवल्या असाव्यात. वळणावर मिस्त्री तेल चोळत बसले होते. मला पाहून अंग चोरून बाजूला झाले.

"त्या दिवशी असं काऊन बोलले, भाऊजी?"

त्यांनी बोळा तेलाच्या वाटीत टाकला. "मी खरं बोललो असतो त ते बुलढाण्याहून दुसरा कारागीर आनत होते, वयनी. असा जिना मले जनमात पुन्हा भेटला नसता."

"आन् माहं दुकान?"

त्यांनी बोळा उचलून पुन्हा तेल चोळायला घेतलं. मी वर गेले. उतरले तेव्हा तेलाची वाटी तेवढी तिथे होती.

त्यानंतर ते आमच्या गल्लीतून यायचे बंद झाले. पुढे मुलाकडे बुलढाण्याला राहायला गेले. मी त्या अरुंद दुकानात मुलं वाढवली. एका सकाळी एसटीने आलेल्या ओळखीच्या माणसाने सांगितलं, वाकडेमिस्त्री गेले. मी दुकान बंद केलं. घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, सख्खा दीर गेल्यावर घ्यावं तसं. माफ मात्र केलं नाही.